कोशावरच्या रेघा

धोटा अर्ध्यावर सोडून चंद्रभान मागाच्या खड्ड्यातून वर आला आणि परसाकडे जवळजवळ पळालाच. सकाळपासूनची ही पाचवी खेप. परतला तेव्हा त्याची बायको साधना चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होती.

"काहून उठले जी?"

"पाय आखडले."

दिवसातून पाच वेळा पाय आखडणारा कोष्टी अख्ख्या आंधळगावात दुसरा नसेल. चंद्रभान पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसला, पण लक्ष हाताकडे कुठलं? ते पोटातल्या पुढच्या कळेकडे होतं.

कीर्तीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. बापाच्या हातची करवती काठाची कोशाची रेशमी साडी नेसूनच बोहल्यावर उभी राहीन, असा पोरीचा हट्ट. बापालाही तो गोड वाटला होता.

चंद्रभानच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण पडत. हा आजार दबून राहतो, जात नाही. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. वर्षभर शौचात रक्त दिसलं नाही आणि चंद्रभानला नको ते शहाणपण सुचलं. धडधाकट माणसाने गोळी कायले खावी? साधना रोज सकाळी हातावर गोळी ठेवी. तो पाणी पिई, आणि तिची पाठ फिरली की गोळी खड्ड्यात टाकी. दोन महिने हेच चाललं होतं. सोमवारी रक्त दिसलं तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. पण आता सांगावं तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल आणि साडी मागावरच राहील. लग्न आटोपलं की सांगू, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

सहाव्या खेपेहून तो आला तर साधना मागाशी उभी. गुंडाळलेलं कापड उलगडून तिने खिडकीच्या उजेडात धरलं होतं.

विणकर मध्येच उठला की उभ्या धाग्यांचा ताणा सैल पडतो, बसल्यावर फणीचा ठोका बदलतो आणि कापडात आडवी बारीक रेघ उमटते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. कोष्ट्याच्या घरात लहान लेकरालाही दिसते.

"सोमवारपासून होऊन राहिलं," चंद्रभान पुटपुटला. "पाहुण्यांकडचं तेलकट खाल्लं ना."

"अन् ही?"

तिचं बोट साडीच्या सुरुवातीला होतं, दुसऱ्या दिवसाच्या विणीवर. तिथून हातभर पुढे आणखी एक रेघ. मग वितीवर. मग चार बोटांवर. चंद्रभानला एकेक आठवू लागली. त्या दिवशी त्याने चहाला दोष दिला होता, त्या दिवशी मिरचीला, एकदा तर नुसत्या थंडीला. मन त्याने फार सफाईने समजावलं होतं. कापडाला कोण समजावणार?

"गोळी खाऊन राहिले ना तुमी?"

त्याने खड्ड्यात पाहिलं. मग तिनेही वाकून पाहिलं. पायाने दाबायच्या पावडीमागच्या धुळीत गोळ्या पडल्या होत्या. साधनाचे डोळे भरून आले, पण तिने आवाज चढवला नाही.

"साडी राहीन ना," तो म्हणाला. "पोरगी काय म्हणन?"

"पोरगी कोष्ट्याची हाय जी. काठाच्या आधी ती रेघाच पाहीन."

चंद्रभान खाली बसला. निदान ही ओळ तरी पुरी करावी म्हणून त्याने धोटा उचलला, क्षणभर हातात धरला आणि तसाच ताण्यावर ठेवून दिला. साडीतली सगळ्यात ठळक रेघ आता इथेच पडणार होती.

"भंडाऱ्याची बस कवा हाय?" त्याने विचारलं.