खुळखुळ्याची साक्ष

खुळ्ळ!

भर दुपारी घर निजलेलं असताना दुपट्यांची टोपली कुणी सरकवली की मी असा वाजतो. दचकू नका, मित्रांनो. मी एक जुना खुळखुळा आहे, चांदीचा. लिंबाएवढं डोकं, एका बाजूला इवला घुंगरू, दुसऱ्या बाजूला नुसती रिकामी कडी आणि पोटात सात खडे. माझ्या दांड्यावर तीन बाळांच्या पहिल्या दातांचे व्रण आहेत.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात कमानिया गेटजवळच्या नथ्थू सोनारानं मला घडवलं. शकुआजी तेव्हा आजी नव्हती, तिच्या मांडीवर सुमेध होता. नथ्थूनं मला कानाशी धरून वाजवलं, एक खडा काढला, दुसरा घातला, परत वाजवलं आणि म्हणाला, "लो भाभी, अब बोलेगा." तेव्हापासून मी बोलतोच आहे.

सुमेध मोठा झाला, फॅक्टरीत लागला. विजय नगरात घर झालं, सुखदा सून होऊन आली आणि प्रणोती जन्मली. ती रडायला लागली की आजी मला स्वयंपाकघरातूनच वाजवायची, आणि पोर तिकडे चूप! येणारीजाणारी माणसं माझं कौतुक करायची. मलाही वाटायचं, माझ्यासारखा मीच. त्या गर्वाची आज लाज वाटते.

चार वर्षांनी रुचिरा झाली. दवाखान्यातून घरी येण्याआधी तिच्या कानात बारीक नळी घालून तपासणी केली होती. यंत्रानं होकार दिला नाही. "कधी कधी कानात पाणी राहून जातं, महिन्याभरानं परत आणा," असं तिथल्या दीदीनं सांगितलं होतं. पण सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. मग पाहुणे आले, मग सर्दी झाली. तारीख निघून गेली. सुखदाच्या मनात मात्र ती कुसळासारखी रुतून बसली.

"आई, कानाची तपासणी राहिलीच न," ती एकदा म्हणाली.

"काहून घाबरून राहिली तू?" आजीनं मला उचललं. "एवढ्याशा जिवाच्या कानात नळ्या घालतात का कोणी! थांब, मी दाखवते तुला."

तिनं मला रुचिराच्या डाव्या बाजूला वाजवलं. रुचिरानं मान वळवली. उजवीकडे वाजवलं, तिकडे वळली.

"पाहा! तुझ्याहून चांगलं ऐकू येते पोरीला. तुला तर मी तीन हाका मारते तेव्हा ओ देते."

सुखदा हसली. किती दिवसांनी हसली होती ती!

मित्रांनो, मी त्या वेळी रुचिराच्या डोळ्यांसमोर होतो. खिडकीतलं ऊन माझ्या चांदीवर पडत होतं आणि ती त्या चमकेमागे वळत होती. मला ते कळलं. पण खुळखुळ्याला वाजता येतं, सांगता येत नाही.

पुढे लस टोचायला नेलं की वजन व्हायचं, डोक्याला फीत लावून माप व्हायचं. सगळं ठीक. एकदा डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कान की जाँच दोबारा हुई?"

"मॅडम, वो तो घर में रोज होती है," सुमेध म्हणाला. "हमारी माँ का खुळखुळा मशीन से पक्का है."

मॅडम हसल्या. "फिर भी करा लीजिए," म्हणाल्या. बाहेर रडणाऱ्या बाळांची रांग होती. सुमेधनं मान डोलावली आणि विसरला.

आठव्या महिन्यात एक दिवस रुचिरा पाठमोरी बसली होती आणि सुखदाच्या हातून पितळी परात पडली. शेजारीण धावत विचारायला आली, "क्या गिरा दीदी?" रुचिरा आपल्या पायाच्या बोटांशी खेळतच राहिली.

शेजारीण गेल्यावर सुखदानं मला घेतलं आणि रुचिराच्या पाठीमागे वाजवलं. मग आणखी जोरात. माझा एक घुंगरू तुटून पडला, तेव्हा ती थांबली.

दोन दिवसांनी मोठी तपासणी ठरली. बाळ तिथेच झोपायला हवं, म्हणून वाटेत जागं ठेवायला सांगितलं होतं. मी सुखदाच्या पिशवीत होतो. ऑटोत रुचिराचे डोळे मिटू लागले की सुखदा तिच्या तोंडावर फुंकर मारायची. सुमेध तिला जागं ठेवायला मोठमोठ्यानं गाणं म्हणत होता. म्हणता म्हणता तो एकदम थांबला. मग तोही तिच्या तोंडावर फुंकर मारू लागला.

तिथे रुचिरा झोपली. कपाळावर, कानांमागे तारा चिकटवल्या. तासाभरानं डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. दोन्ही कान.

"तीन महीने के अंदर आ जाते तो अच्छा था," ते हळूच म्हणाले. "लेकिन अब देर मत कीजिए."

घरी आल्यावर आजी भिंतीशी बसून राहिली. "मीच म्हटलं होतं न, ऐकू येते म्हणून," एवढंच ती परत परत म्हणत होती. सुखदानं तिला पाणी दिलं. कुणी कुणाला बोल लावला नाही, आणि मलाही नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर मला जरूर वाजवा, त्याला हसवा. पण माझ्या भरवशावर तपासणीची तारीख चुकवू नका. प्रेमानं विचारलं की आम्ही वस्तू हवं तेच उत्तर देतो.

कालचीच गोष्ट. रुचिराच्या कानांमागे सुखदा ऐकू येण्याची नवी यंत्रं बसवत होती. रुचिरा ती ओढून काढायची, सुखदा परत बसवायची. प्रणोती शेजारी बसून कितीतरी वेळ बघत होती. मग तिनं विचारलं,

"आई, बारशाला आत्यानं हिच्या कानात नाव सांगितलं होतं न? मग हिला आपलं नाव माहीतच नाही का?"