मोहगुड्यात आधी कोण होतं

मोहगुड्यावर महाराष्ट्र आणि आंध्र, अशा दोन सरकारांचा हक्क होता, म्हणून तिथे शाळा दोन होत्या, सरपंच दोन होते आणि डॉक्टर एकही नव्हता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही खोटं नाही. सत्त्याऐंशी साली दोन्हीकडचे साहेब एकाच दिवशी चौकशीला आले, तेव्हा गावातले सर्वांत वडीलधारे म्हणून नागोरावांना चावडीपुढे बसवलं. त्यांची ही आठवी चौकशी. आपलं राज्य कोणतं, याची त्यांना आता काडीचीही उत्सुकता उरली नव्हती.

यंदा मात्र हाती काही पडणार होतं. जमीन ओसाड होती आणि आपणच जंगल तोडून ती कसली, असं जो सिद्ध करील त्याला पट्टा मिळायचा होता. गाव कुठल्याही राज्यात गेलं तरी तो चालेल, असं दोन्ही सरकारांनी कबूल केलं होतं. नागोरावांच्या वडिलांनी परभणीकडून येऊन इथली अकरा एकर जमीन कसली, हे खरं. ती ओसाड होती, हे खरं नव्हतं. शेताच्या कोपऱ्यात, मोहाच्या झाडाखाली, गोंडांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले सात दगड होते. त्यांची वस्ती कधीच उठून गेली होती. उरलेली एकटी भागाबाई गावाच्या टोकाला राही आणि दरवर्षी त्या दगडांना फुलं वाहून जाई. नागोराव तेवढ्या जागेपुरता वखर वळवून घेत.

त्यांचा मुलगा खुशाल आठ दिवस मागे लागला होता. "बा, दगड राह्यले तं पट्टा जाते. तुमी काही करू नका, फक्त नाही म्हनू नका." नागोराव नाही म्हणाले नाहीत. आज सकाळीच खुशालने ते दगड गाडीत घालून नाल्यात टाकून दिले होते.

दुपारपर्यंत साहेबांचीच जुंपली. आंध्रकडून आलेले आदिलाबादचे महसूल निरीक्षक, म्हणजे गिरदावर, निजामाच्या काळातले महसुलाचे कागद काढत, महाराष्ट्राचे नायब तहसीलदार गावाची बोली पुढे करत. कागद आमचे, म्हणून गाव आमचं. माणसं आमची, म्हणून गाव आमचं. शेवटी थकून दोघांनी नागोरावांना विचारलं, तुमच्या आधी इथे कोण होतं?

"कोनी नव्हतं," नागोराव म्हणाले. स्वतःच्या आवाजाची त्यांना लाज वाटली.

दिवसभरात पहिल्यांदाच दोन्ही साहेबांचं एकमत झालं. एकाने तेलुगूत आणि दुसऱ्याने मराठीत तेच वाक्य लिहून घेतलं.

पंचनाम्यावर गावातल्या आणखी एका म्हाताऱ्या माणसाचा अंगठा हवा होता. भागाबाई सरपणाची मोळी घेऊन चावडीवरून चालली होती, साहेबांनी तिलाच हाक मारली. तिने मोळी खाली ठेवली आणि नागोरावांना विचारलं, कागदात काय लिहिलंय? त्यांना सांगायचं होतं, मनापासून सांगायचं होतं. पण मागे खुशाल उभा होता, आणि त्यांचं सगळं बळच सरलं होतं.

"वावर माह्या नावावर करून राह्यले."

भागाबाईचा चेहरा खुलला. "बरं झालं, भाऊ. दुसऱ्या कोनाकडं गेलं असतं, तं माही मान्सं तिथं कोनं राहू देल्ली असती?"

तिचा अंगठा नीट उमटेना. नागोरावांनी तिचं मनगट धरलं आणि अंगठा कागदावर टेकवला.