दोन दारांमधला खांब

दादाने खांब सरळ करून ठेवला होता. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारांमधला तो खांब काल सकाळी आत दबलेला होता; आज त्यावरून बोट फिरवले, तर कुठे खोलगट लागेना. चाळीस वर्षांत दादासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. पण आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, रंग उडालेल्या पत्र्यावर निळसर छटा उमटली होती. त्याने गॅसची ज्योत लावली होती.

"दादा, हा खांब कापावा लागेल."

"का रे बाबा? माशी बसली तर घसरून पडेल इतका साफ केलाय."

"तापवलास ना?"

"मग काय फुंकर मारून सरळ करू? तुझ्या कॉलेजच्या पुस्तकात तर शिंकायलाही परवानगी लागते."

वाद जुना होता. दादाने लहानपणीच हातोडा धरला म्हणून मी तंत्रनिकेतनात शिकू शकलो. त्यामुळे प्रत्येक वेळी मी अर्ध्यावर थांबत असे. आज थांबून चालणार नव्हते. गाडी एका नर्सबाईंची होती आणि मागच्या सीटवर लहान मुलांच्या दोन खुर्च्या बांधलेल्या होत्या.

मी त्याच्या हातात त्याचीच कानस दिली. "आधी वर घास. जिथे आच लागली नाही तिथे."

काचेवरून घसरावी तशी कानस घसरली.

"आता इथे."

निळ्या छटेवर तिने लगेच धार धरली. करकर आवाज झाला आणि लोखंडाचा चुरा त्याच्या बुटावर पडला. दादाने पुन्हा वर घासून पाहिले, पुन्हा खाली. हाताला कळलेली गोष्ट त्याला वेगळी समजावून द्यावी लागत नसे.

"मऊ पडलाय," तो म्हणाला.

"हे पोलाद कारखान्यातच कडक केलेलं असतं. तापवलं की तो कडकपणा जातो, परत येत नाही. बाजूने धडक बसली तर खांब इथेच मोडणार. म्हणून वेल्डिंगचे टाके काढून नवा बसवायचा."

दादाने निळ्या छटेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "जावईबापूंची गाडी मी अशीच केली होती."

मी पत्र्यावरचा चुरा झटकू लागलो.

"अपघातानंतर ती बघायला तू एकटा गेलास. मला येऊ दिलं नाहीस."

"हो."

"कुठे मोडला होता?"

दोन वर्षे मी हा प्रश्न चुकवत आलो होतो. मी निळ्या छटेवर बोट ठेवले.

"ट्रक मोठा होता, दादा. नवा खांबही कदाचित टिकला नसता."

"कदाचित."

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्याने कानस फडक्याने पुसून जागेवर ठेवली आणि खडू उचलला. "गाडीच्या कंपनीचं पुस्तक आण. कुठे कापायचं ते वाच. सावकाश वाच."

मी मापे वाचत गेलो, तो खुणा करत गेला. एवढ्यात पुतणी आमचे डबे घेऊन दारात आली; जावईबापू त्या अपघातात गेल्यापासून ती माहेरीच होती. "बाबा, काका, हात धुवा. गार होतंय."

दादाने मान वर केली नाही.

"बस पोरी. तुला काही सांगायचंय. हे एवढं कापून होऊ दे."