पाठीवरचा उलटा नंबर

हे सांगायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. माझ्या पाठीवर काय कोरलंय ते साहेबांना कळलं असतं, तर दोन देशांतल्या दोन माणसांची नोकरी गेली असती. आता ते दोघंच उघड बोलतात, मग मी कशाला दडवू?

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पाण्याच्या बाटलीच्या झाकणांचा. मशीनमध्ये बसायचो, पातळ प्लास्टिक आत यायचं, मी मिटायचो, उघडायचो, की टपटप आठ झाकणं खाली. मला घडवलं मिस्त्रींनी. झाकणावरचं कंपनीचं नाव त्यांनीच माझ्यात कोरलं. उलटं. साच्यात उलटं कोरलं तरच मालावर सुलटं उमटतं. तीस वर्षं त्यांचा हात उलटंच लिहीत आला. "अकरा वर्षं झाली, पठ्ठ्याने एक झाकण वाकडं दिलं नाही," असं ते माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचे.

मग आपल्या देशाने शेजारच्या देशाशी करार केला. एकीकडचा माल दुसरीकडे जकात न भरता जाणार. आमच्या कंपनीचे कारखाने दोन्हीकडे. साहेब कॅन्टीनमध्ये येऊन म्हणाले, "तिकडच्यांनी बारा तासांच्या पाळीवर सही केलीय. तुम्हीही महिनाअखेर करा. नाहीतर सगळे साचे तिकडे जातील." आणि धाक बसावा म्हणून पहिला मलाच मशीनवरून उतरवला.

आठाचे बारा तास म्हणजे तीन पाळ्यांच्या दोन. तिसरी पाळी घरी. मिस्त्री युनियनचे सेक्रेटरी, आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, तिसऱ्या पाळीत.

"दादा, माझ्यासाठी अडून बसू नकोस," ती म्हणाली. "साचे गेले तर सगळेच घरी बसतील. करून टाक सही."

"तिकडच्यांनी केलीय, हे कोण म्हणतं? साहेब. साहेब तर दोन वर्षं म्हणतायत, पंखे येतायत."

"मग जा, विचार जाऊन तिकडे!"

"कुणाला विचारू? दोन पत्रं धाडली कारखान्याच्या पत्त्यावर. कुणाच्या टेबलावर पडलीत, देव जाणे. ना ओळख, ना भाषा."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली.

मला पेटीत घालण्याआधी त्यांनी माझी मागची प्लेट खोलली. तिच्याआड गार पाण्याच्या वाटा असतात. तिथे फिटरचा हात जातो, साहेबांचा नाही. त्यांनी भराभर एक घड्याळ कोरलं, बाजूला 8, 12 आणि प्रश्नचिन्ह. खाली आपला फोन नंबर. प्लेट बसवली आणि मग माझ्या लक्षात आलं. अहो मिस्त्री, सवयीने सगळं उलटं कोरलंत की!

पण माणसांना ऐकू जाईल असं तोंड साच्याला कुठे असतं ओरडायला?

अठरा दिवस पेटीत. तेल नीट लावलं नव्हतं, पाठ गंजायला लागली. तिकडे मला मशीनवर चढवलं आणि मी गळायला लागलो. थेंब थेंब पाणी. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लाजेने अर्धमेला झालो. महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते.

तिथली फिटर एक मुलगी होती, केसात पेन्सिल खोचलेली. तिने प्लेट खोलली आणि तिचा हात थांबला. तेवढ्यात सुपरवायझर बॅटरी घेऊन आला. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण दम द्यायचा सूर सगळीकडे सारखाच. तो वाकला. उजेड थेट माझ्या पाठीवर. गेलं सगळं, मी म्हटलं. तिने खांदे उडवले, गंजाकडे बोट दाखवलं. त्याला नुसते ओरखडे दिसले. मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारून तो गेला.

मग तिचं बोट आकड्यांवरून फिरलं. उजवीकडून डावीकडे, न अडखळता. तीही साच्यांचीच माणूस ना!

जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्याशेजारी बसून फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला.

"हॅलो, कोण?" मिस्त्री!

"एट," ती म्हणाली.

"एट? नो ट्वेल्व्ह? नो साइन?"

"नो साइन! यू साइन. बॉस से!"

"आम्ही? आम्ही कुठे केली सही!" मिस्त्री मराठीतच ओरडले. "ताई, अगं इकडे ये! त्यांनाही आपण सही केली म्हणून सांगितलंय!"

तिला एक अक्षर कळलं नाही. तरी डोळे पुसत हसत होती.

महिनाअखेरीला दोन्ही कारखान्यांतून कागद कोरे परत गेले. एकाच दिवशी. आता दोन्ही युनियन दर आठवड्याला बोलतात, मध्ये दुभाषा बसवून. पाळी आठचीच आहे. ताई कामावर आहे.

पण कंपनी म्हणते, तिसरा देश बघितलाय. मला परत उतरवलंय. काल त्या मुलीने प्लेट खोलून गंज घासला, तेल लावलं, आणि मिस्त्रींच्या नंबरखाली स्वतःचा कोरला. उलटाच.

मित्रांनो, साच्याचं नुसतं तोंड पुसू नका, पाठीलाही तेल लावा. आणि तिकडचे असं म्हणतात, असं कुणी सांगितलं, तर तिकडच्यांनाच विचारा.

इथलं मशीन वयाने लहान, पण माझा मित्र झालंय. पेटी आलेली बघून ते घाबरलं. "तिकडे तुझी पाठ कुणी खोललीच नाही तर?"

"तर गळेन," मी म्हटलं. "खोलेपर्यंत गळत राहीन. शब्द देतो तुला."