केशरीचंदांचे उणे दहा

वाशीमच्या बाजारात केशरीचंदांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नुसत्या चालण्यावरून ते सांगत, हा घेणार की नुसता भाव विचारून जाणार. पण मुलगी जिनल डॉक्टरकीसाठी नीटची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला बसली आणि त्यांचा सगळा अंदाज बिघडला. साडू गोपीचंद म्हणाले कोट्याची पुस्तकं चांगली, ती आली. कुणी लातूरचे प्रश्नसंच सांगितले, तेही आले. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने नांदेडच्या नोट्सची तारीफ केली, तर त्यांच्या झेरॉक्स आल्या.

जिनलच्या टेबलावर कोपर टेकायला जागा उरली नाही. मागच्या वर्षी तिने ढीगभर पुस्तकं उघडली होती आणि धड एकही संपवलं नव्हतं. यंदा एनसीईआरटीची शाळेची पाठ्यपुस्तकं सोडून दुसरं काही वाचायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पप्पांना ते पटत नव्हतं. मग तिने वाद सोडला आणि एकदम गोड झाली.

"पप्पा, दुकानात माल घेता तवा कापड बोटात धरून पाहाता ना?"

"पाहाच लागते. नाई तं फसवतेत."

"मंग पुस्तकं काहून न पाहाता आनता? आधी त्याच्यातला पेपर तुमी सोडवा. ज्याच्यात पास होसान, ते पुस्तक मी वाचीन."

मेथी निवडत बसलेल्या जिनलच्या आई गुलाबबाई म्हणाल्या, "सोडवा की. तुमचं बीकॉम काय लोनच्यात घातलं?"

आता माघार कशी घ्यायची? दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकान रिकामं असताना, केशरीचंद गादीवर फिजिक्सचा पेपर घेऊन बसले. जिनलने मोबाइलवर वेळ लावली. तेवढ्यात आसेगावचे जगदेव धोतर घ्यायला आले. पेपर चालू आहे म्हटल्यावर तेही मांडी घालून बसले.

केशरीचंदांनी प्रश्न मोठ्याने वाचला: निर्वात जागेत लोखंडाचा गोळा आणि पीस एकदम सोडले, तर आधी खाली काय पडेल?

"गोळाच पडन ना शेट," जगदेव म्हणाले. "इचारून कायले राह्यले?"

केशरीचंदांनी ठामपणे गोळ्याचा पर्याय काळा केला. पुढचे प्रश्नही दोघांनी मिळून असेच उरकले.

चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक गुण कापून गुण आले उणे दहा.

"म्हनजे कोरा पेपर देल्ला असता तं?" केशरीचंदांनी विचारलं.

"तं दहानं पुढे असते," जिनल म्हणाली.

गुलाबबाईंनी ही बातमी मंदिरात पोहोचवली. केशरीचंदांना ती चांगलीच झोंबली. त्यांनी मुकाट्याने जिनलचं जीवशास्त्राचं पुस्तक उचललं, आणि तिथेच गाडी अडकली. रोज जेवताना प्रश्न. "पित्त कायले लागते? बरं, तयार लिव्हरात होते तं ठेवते दुसरीकडे कायले?" कापडाचा ताना-बाना पाहावा तशी ते एकेक ओळ उलटून-पालटून पाहात. जिनल आधी वैतागली. मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला पाठ आहे पण समजावता येत नाही. ती पुन्हा वाचून यायची, सांगायची, पप्पा पुन्हा अडवायचे. सराव परीक्षांत तिचे गुण चढू लागले, तेव्हा तिचं वैतागणंही थांबलं. नवी पुस्तकंही बंद झाली. आणायला पप्पांना सवड कुठे होती?

एक दिवस गोपीचंद आणखी एक जाडजूड संच घेऊन आले. केशरीचंदांनी शांतपणे त्यांच्यापुढे पेपर आणि पेन सरकवला.

"बसा. पयले हे सोडवा, मंग पाहू."

गोपीचंदांना अचानक काम आठवलं. चहाही न घेता ते गेले.

निकाल लागला. सरकारी कॉलेजात जागा मिळेल एवढे गुण पडले होते. गुलाबबाई पेढे घेऊन शेजारी गेल्या आणि जिनल पुस्तकांचे गठ्ठे बांधायला बसली. तिने बांधलेल्या गठ्ठ्यातून केशरीचंदांनी जीवशास्त्र हळूच ओढून काढलं.

"हे राहू दे. मेंदूचा धडा बाकी हाय माह्या."

जिनलने दोरी बाजूला ठेवली. "या, बसा. कुठं अडलं?"