आश्रुबाचा सलाम

"खाली काय हुडकीत व्हता बे आश्रुबा? सायबाच्या जोड्यापाशी सुई पडली का काय?"

आम्हा कारकुनांचे वरिष्ठ, पेशकार आप्पाराव असं म्हणाले आणि सगळी कचेरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो.

झालं होतं असं. तहसीलदारसाहेब टांग्यातून उतरून पायऱ्या चढत होते. आमचा फरास, म्हणजे झाडपूस करणारा आश्रुबा शिडीपाशी ओला फडका घेऊन उभा होता. साहेब दिसताच त्यानं सलाम केला. कमरेत असा दुमडला की डोकं गुडघ्यापर्यंत गेलं, आणि डोक्यावरचा पटका सुटून घरंगळत थेट साहेबांच्या जोड्यापाशी जाऊन थांबला. साहेब खूश झाले. त्यांनी छडीच्या टोकानं पटका आश्रुबाकडे सरकवला आणि आत गेले.

ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझे सोयरे राहतात. राज्य निजामाचं, लिहिणं-वाचणं उर्दूतलं. मी दिंद्रुडचा, सुंदरराव नाव. त्या कचेरीत मी नक्कलनवीस होतो, म्हणजे साहेबांनी काढलेल्या हुकुमांच्या नकला दिवसभर उतरवायच्या. कुणा जुन्या साहेबाला उजेडाची हौस होती, त्यानं हैदराबादहून काचा आणवून कचेरीला चहूबाजूंनी उंच खिडक्या बसवल्या होत्या. बाकी गावात काच म्हणजे कंदिलाची, नाहीतर कासाराच्या दुकानातली. त्यामुळे आमच्या खिडक्या बघायला बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं येऊन उभी राहत. त्या खिडक्यांची तावदानं वीस वर्षं एकट्या आश्रुबानं पुसली.

आधी ओला फडका, मग कोरडा, मग चुन्याच्या निवळीचा बोळा, आणि शेवटी चुरगळलेला कागद. हा कागद माझा. नक्कल करताना अक्षर चुकलं की तो कागद बाद. संध्याकाळी आश्रुबा यायचा आणि विचारायचा, "रद्दी हाय का काही, सुंदरराव?" मी दिवसभरात चुकलेले कागद त्याला द्यायचो. "शाईच्या कागदानं काच लई निघती," असं तो म्हणायचा. पहिली खिडकी तो माझी पुसायचा, मला लिहायला उजेड चांगला पडावा म्हणून. माझ्या चुकांचा असा उपयोग पुढे आयुष्यात कुणी केला नाही.

पण आश्रुबाचा खरा लौकिक तावदानांचा नव्हता, सलामाचा होता. दोन बोटं कपाळाला, मान ताठ, की झालं. आधीचे एक साहेब म्हणायचे, हा सलाम असा करतो की जणू तहसीलदार हाच आणि मी रजा मागायला आलोय. आम्ही कारकून मंडळी दिवसभर वाकायचो. साहेबांपुढे वाकायचो, साहेबांच्या मेव्हण्यापुढेही वाकायचो. आमच्यातला एक माणूस ताठ उभा राहतो याचा आम्हाला अभिमान होता, आपल्या गल्लीतला पैलवान असावा तसा.

आणि तोच आश्रुबा आता लोटांगणं घालू लागला. नवे साहेब आले आणि महिन्याभरात हा बदलला. आप्पाराव त्याला तोंडावर चापलूस म्हणत. मला तर फसवणूक झाल्यासारखंच वाटलं. पटका पडला त्या संध्याकाळी तो रद्दी मागायला आला तेव्हा मी म्हणालो, "माझी खिडकी राहू दे इथून पुढं. तू सायबाचीच पूस."

त्यानं फडका उचलला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून माझी खिडकी तेवढी सोडून तो बाकीच्या पुसू लागला. आठवड्यात काचेवर पांढुरक्या मातीचा थर बसला, मला कागदावर डोळे ताणावे लागले. पण हट्ट म्हणजे हट्ट.

पंधरा दिवसांनी एक तातडीची नक्कल आली, ती कचेरी उघडायच्या आत हवी होती. किल्ली फरासाकडे असे. म्हणून मी फटफटायला आश्रुबाच्या घरी गेलो. कचेरीमागेच दोन खणांची खोली होती, दार उघडंच होतं.

आत आश्रुबा उघड्या अंगानं जमिनीवर बसला होता आणि त्याची बायको छबुबाई त्याच्या मागे उभी राहून त्याच्या डोक्याला पटका बांधत होती. एक वेढा घाली, तो सैल पडे, पुन्हा सोडी. चुलीजवळ निरगुडीचा पाला तव्यावर गरम होत होता. आश्रुबाच्या उजव्या खांद्यावर बिब्ब्याचे काळे डाग होते, जुने आणि ताजे, एकमेकांना चिकटून.

मला बघून छबुबाई दचकली. आश्रुबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बघितलं त्यांनी."

"हे काय रे?" मी विचारलं.

"खांदा धरलाय. दोन वर्सं झाली. आंगठ्यापसून सुरू झालं. फडका पिळताना आंगठा आखडायचा, मंग मनगट, आता खांदा. हात छातीच्या वर जात न्हाई."

"मंग वरची तावदानं?"

"डाव्या हातानं," छबुबाई म्हणाली. "सा म्हैने ह्या दाराच्या फळीवर फडका मारीत व्हते, हात बसावा म्हनून. आता चांदण्या आसतानी जात्यात. कमरेला दोर बांधून शिडीला आडकवून घेत्यात. तुमी लोक यायच्या आत वरचं उरकून घरी येत्यात. पटका मातर डाव्या एका हातानं बांधता येत न्हाई, आन मला कुठं येतोय? बाईमानसाला कोन शिकवतं पटका बांधाया?"

मला पटका घरंगळला तेव्हाचं माझं हसणं आठवलं.

"आणि तो सलाम?" मी विचारलं, पण उत्तर आधीच कळलं होतं.

आश्रुबा थोडा हसला. "डाव्या हातानं काच पुसता येती, सुंदरराव. सलाम करता येत न्हाई, गुन्हा व्हईल. आन उजवा कपाळापातुर जाईना. मंग वाकायचं. वाकलं की हात आपोआप खाली लोंबतो, दुखत न्हाई. तितं कपाळ न्यायचं हाताला."

"सांगायचं तरी."

"कोनाला? पंखा वढनाऱ्या सटवाला दिसंनासं झालं, तर 'नाकारा', म्हंजी निकामी म्हनून घरी धाडला. तुमीच लिवलाव त्यो कागद. चापलूस म्हनलं तर नोकरी ऱ्हाती. लुळा म्हनलं तर जाती."

मी छबुबाईच्या हातून पटका घेतला आणि त्याच्या डोक्याला घट्ट बांधला. त्या दिवसापासून रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी मी त्याच्या घरी जात असे. पटका बांधायचा, छबुबाईनं दिलेला गूळ तोंडात टाकायचा आणि वेगळ्या वाटेनं कचेरीत यायचं. माझी खिडकी पुन्हा लख्ख झाली. आप्पाराव टोमणे मारीत, आणि बिंग फुटू नये म्हणून मला आश्रुबाच्या देखत हसावंच लागे. तसलं हसू फार जड असतं. पण आयुष्यातल्या चांगल्या सकाळी कोणत्या असं कुणी विचारलं, तर मी त्या सांगेन.

पुढे असंच चाललं असतं. पण साहेबांनी एका सोमवारी सगळ्यांना इजलासात, म्हणजे त्यांच्या न्यायनिवाड्याच्या दालनात बोलावलं आणि आश्रुबाला मधोमध उभा केला.

"इसको कहते हैं अदब," साहेब म्हणाले. "सब लोग सीखो. कल से सब ऐसा ही सलाम करेंगे."

दुसऱ्या दिवसापासून सगळी कचेरी आश्रुबाच्या खांद्यानं सलाम करू लागली. साहेब पायऱ्या चढू लागले की ओळीनं माणसं दुमडायची. ज्याचं पोट मोठं त्याला घाम फुटायचा. आश्रुबाशी कुणी बोलेना. त्याच्या पाण्याच्या बादलीत कुणीतरी शाई ओतली. तो विहिरीवर गेला आणि दुसरं पाणी घेऊन आला.

चौथ्या दिवशी आप्पाराव वाकले ते वर आलेच नाहीत. त्यांची कंबर आधीच कामातून गेलेली, वय पंचावन्नाच्या पुढचं. दोघांनी धरून त्यांना सरळ केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची टिंगल केली होती, पण त्या दिवशी त्यांना हसायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुपारी आश्रुबा माझ्याजवळ आला.

"सांगून टाकतो सायबाला," तो म्हणाला.

"येडा का काय तू? नोकरी जाईल. छबुबाईचा तरी इचार कर."

"तिला इचारलं. ती म्हनली, शिरूरला भावाच्या रानात बाजरीवरची पाखरं हाकायला दोन हात लागत न्हाईत." मग म्हणाला, "माजं दुखनं मी दुसऱ्याच्या कमरंत कशापायी घालू, सुंदरराव?"

तो इजलासात गेला तेव्हा मी कागद घेऊन तिथेच उभा होतो. आप्पाराव लोडाला टेकून बसले होते. आश्रुबा साहेबांपुढे ताठ उभा राहिला. त्यानं सलाम केला नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"हुजूर, सलाम व्हत न्हाई. हात वर जात न्हाई. आजवर वाकलो ते अदबीनं न्हाई, नाविलाज व्हता म्हनून."

साहेबांना मराठी कळत असे. त्यांनी हात वर करून दाखवायला सांगितलं. आश्रुबानं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला, तिथे थरथरत राहिला आणि खाली पडला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकदा सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. पण जे आपल्या मानाचं म्हणून इतके दिवस मिरवलं ते एका फरासाचं खांद्याचं दुखणं निघालं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं असणार.

"नाकारा," ते आप्पारावांना म्हणाले. "लिखो. और सलाम जैसा पहले था, वैसा."

हुकूम आप्पारावांनी लिहिला आणि नक्कल माझ्याकडे आली. मी खिडकीपाशी बसलो. काच इतकी स्वच्छ होती की बाहेरचं लिंबाचं झाड खोलीत आल्यासारखं वाटत होतं. पहिला कागद मी त्याच्या नावापाशी चुकलो. दुसराही तिथेच. तिसऱ्यावर शाई सांडली. मी मुद्दाम केलं असं लोक म्हणाले असते, पण मुद्दाम नव्हतं.

संध्याकाळी आश्रुबा आला. "रद्दी हाय का काही?"

मी ते तीन कागद पुढे केले. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

"ह्याच्यात माजं नाव हाय का?"

"हाय."

"मंग काच चांगली निघंल," तो म्हणाला. त्यानं कागद चुरगळले आणि माझी खिडकी पुसली. वरची ओळ डाव्या हातानं, सगळ्यांच्या देखत. खालची उजव्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या डोक्याला शेवटचा पटका बांधला, नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त घातले. छबुबाईनं गूळ दिला. बैलगाडीत एक ट्रंक, जातं आणि भांड्यांचं गाठोडं. शिरूरचा रस्ता कचेरीवरूनच जातो. गाडी पुढे आली तेव्हा आप्पाराव कंबर धरून पायऱ्या उतरत होते. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारतील. ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात कपाळाला लावला. पेशकारानं फरासाला सलाम केलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

गाडीत बसलेल्या आश्रुबानं त्यांच्याकडे पाहिलं. डावा हात वर केला. दोन बोटं कपाळाला, मान ताठ.

"डाव्या हातानं केला की हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"दिसलं मला," आप्पाराव म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी आपला हात खाली घेतला नाही.