वासराच्या डोक्यातली गाठ

वीब्रांड माझ्या मटणाच्या दुकानाच्या वर भाड्याने राहतो. पोरगा हुशार, पण बोलायला लागला की कान किटतात. त्या दिवशी बारा वाजता विद्यापीठात त्याचा वादविवाद होता. भर सभेत आपलं म्हणणं टिकवलं तरच पदवी. म्हणणं छापून आठवडाभर आधीच दारावर चिकटवलेलं, त्यामुळे अख्ख्या लायडन शहराला पाठ: माणसाच्या मेंदूत मधोमध एक गाठ असते, तिथे आत्मा राहतो. जनावराला गाठ नाही, म्हणून आत्माही नाही. जनावर म्हणजे नुसतं चावी दिलेलं घड्याळ!

साडेअकराला मी ठोकळ्यावर वासराचं डोकं फोडत होते. हा पठ्ठ्या पाव चघळत, गाठीचं चित्र नाचवत शेजारी उभा.

"ही होय?" मी म्हटलं. "ही तर मी वीस वर्षं मांजरीला टाकतेय."

"काहीतरीच काय, मावशी! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"मग त्या लिहिणाऱ्याला आण इथं. हे बघ!"

दोन्ही अंगठ्यांनी मेंदू उघडला. मधोमध वाटाण्याएवढी गाठ, हुबेहूब चित्रातली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, मी कुणाला सांगतेय? मांजर खाईल, विषय संपला."

त्याने रुमाल काढला, गाठ त्यात ठेवली आणि टोपी न घालताच पळत सुटला. मीही तशीच, रक्ताच्या हातांनी त्याच्यामागे.

सभागृह खचाखच भरलेलं. समोर परीक्षा घ्यायला म्हातारे प्रोफेसर तेर हार. आणि या पोराने पहिलंच वाक्य काय बोलावं?

"माझं म्हणणं चूक आहे." रुमाल उघडला. "ही वासराच्या डोक्यातली!"

अगं बाई, काय तो गोंधळ! लोक बाकांवर चढले. "खाटकिणीने फसवलं याला!" कुणीतरी ओरडलं.

मी काय ऐकून घेते? "ये दुकानात, तुझ्यासमोर फोडते!"

प्रोफेसर गाठीवर इतके वाकले की नाक टेकायचं बाकी राहिलं. कितीतरी वेळ बघत होते.

"पदवी देता येणार नाही," ते म्हणाले. "स्वतःचं म्हणणं तूच बुडवलंस." मग आवाज खाली गेला. "मीही हेच शिकवतोय, दहा वर्षं. एकदाही डोकं उघडून बघितलं नाही रे."

वीब्रांड रडत होता आणि हसतही होता.

प्रोफेसर माझ्याकडे वळले. "बाई, आणखी एक डोकं मिळेल? ताजं?"

"मिळेल की," मी म्हटलं. "पण फोडायचं तुम्ही."